कीबोर्डची खडखड कमी कशी कराल?
मेकॅनिकल कीबोर्डची एक कळ दाबली की आवाज दोनदा होतो: ती तळाला आपटते तेव्हा आणि स्प्रिंगने उसळून वर थडकते तेव्हा. कळीखाली रबरी रिंग घातली, तर फक्त पहिला आवाज दबतो. सायलेंट स्विचमध्ये दोन्ही धक्के झेलायला मऊ रबर असते, म्हणून खरा उपाय तोच. चेरी एमएक्स ब्लू स्विचची टिकटिक मात्र मुद्दाम घडवलेली आहे. ती रिंगने जात नाही. स्पेसबार सर्वांत जास्त खडखडतो, कारण त्याला तोलणारी तार टोकांशी सैल हलते. तिथे किंचित ग्रीस लावा. टेबल घुमत असेल, तर खाली जाड कापड अंथरा. आणि हो, एमएक्स ब्लू स्विचमध्ये कळ 4 मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर साधारण निम्म्या वाटेवरच उमटते. तेव्हा बोटे हलकी ठेवा.