मावळची अंगावरची खूण

लोणावळ्याहून परतताना चिक्की हवीच. पण ती चार दिवसांत संपते. अंगावर वागवावी अशी मावळची खूण कोणती? कार्ल्याला एकवीरेच्या पायऱ्यांवर हिरव्या बांगड्या, मण्यांच्या माळा पुष्कळ. आमच्या सौभाग्यवतींनी डझनभर बांगड्या भरल्या. “इथल्याच ना हो बाई?” मी विचारले. “नाही हो साहेब, फिरोजाबादच्या!” आणि लोकांनी पैसा-पैसा जमवून १९०८ साली काढलेला पैसा फंडाचा काच कारखाना याच मावळातल्या तळेगावचा!

वर लेण्याच्या दर्शनी भिंतीवरची दगडी जोडपी पाहा. हातांत बांगड्या, पायांत जड तोडे, कमरेला मेखला. दोन हजार वर्षांत उतरवलेली नाहीत. इथल्या सोनाराला नमुन्यासाठी दूर जायला नको. तसा तोडा कोणी घडवलाच, तर पहिले गिऱ्हाईक मी. भाव तेवढा मास्तराला परवडेलसा असावा.