जर्नलिंग फाइल प्रणालीची निवड

जर्नलिंग फाइल प्रणाली म्हणजे संगणकाच्या डिस्कवर फायली मांडण्याची अशी पद्धत, जिच्यात करावयाच्या बदलाची नोंद आधी एका राखीव जागेत होते व मगच तो बदल मूळ जागी उतरवला जातो. या राखीव जागेस जर्नल म्हणतात. जळगाव-धुळ्याच्या पेढ्यांवरील वहीखाते पाहिलेल्या वाचकास ही रीत परिचित वाटेल. व्यवहार प्रथम रोजकीर्दीत लिहायचा, नंतर खतावणीत. खतावणी अर्धवट राहिली तरी रोजकीर्द पाहून ती पुरी करता येते.

== गरज ==
एक फाइल साठवताना डिस्कवर अनेक ठिकाणी लिहावे लागते: मजकूर, फाइलीची नोंद, मोकळ्या जागेचा हिशेब. मध्येच वीज गेली तर यांचा परस्परांशी मेळ राहत नाही. लिनक्सवरील ईएक्सटी२ (१९९३) या जुन्या प्रणालीत जर्नल नव्हते. त्यामुळे संगणक पुन्हा सुरू होताना सगळी डिस्क तपासावी लागे, आणि डिस्क मोठी असल्यास त्यात तास जात. जर्नल असल्यास केवळ शेवटच्या नोंदी वाचून काही सेकंदांत मेळ बसतो.

खानदेशात हा प्रश्न पुस्तकी नव्हता. दीपनगरचे औष्णिक विद्युत केंद्र जळगाव जिल्ह्यातच असूनही २००५ नंतरच्या काही वर्षांत येथील गावांनी दीर्घ भारनियमन सोसले. शाळा, पतपेढ्या आणि तालुक्याच्या कचेऱ्यांत संगणक येत होते तेही याच सुमारास. घरगुती इन्व्हर्टर वीज गेल्यावर क्षणभराने चालू होतो. तेवढ्या अवधीतही संगणक बंद पडू शकतो.

== जर्नल काय राखत नाही ==
येथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. जर्नल सामान्यतः फायलींच्या मांडणीचा हिशेब राखते, फायलींतील मजकूर नव्हे. वीज गेल्यावर डिस्क निर्दोष उघडते, आणि निकालपत्रकाची फाइल मात्र रिकामी निघते, असे घडू शकते. २००९ मध्ये ईएक्सटी४ वापरणाऱ्यांना असाच अनुभव आला. ही प्रणाली वेग वाढवण्यासाठी मजकुराची जागा उशिरा ठरवते. त्यामुळे संगणक अचानक बंद पडल्यावर नुकत्याच पुन्हा लिहिलेल्या फायली शून्य लांबीच्या आढळल्या. पुढे प्रणालीत दुरुस्ती झाली. तरीही मजकूर खरोखर डिस्कवर पोहोचला की नाही, याची खात्री आज्ञावलीनेच 'एफसिंक' या आदेशाने करून घ्यावी लागते.

ईएक्सटी३ आणि ईएक्सटी४ मध्ये तीन पद्धती उपलब्ध आहेत. 'जर्नल' पद्धतीत मजकूरही आधी जर्नलमध्ये जातो. ती सुरक्षित, पण दुप्पट लेखनामुळे बहुधा संथ. 'ऑर्डर्ड' ही मूळची पद्धत असून तिच्यात मजकूर आधी मूळ जागी व नोंद नंतर पक्की होते. 'राइटबॅक'मध्ये असा क्रम पाळला जात नाही, म्हणून भरवशाची वीज नसलेल्या ठिकाणी ती टाळावी. पोस्टग्रेसक्यूएलसारखे विदागार स्वतःचीच रोजकीर्द ठेवते. त्यावर पुन्हा 'जर्नल' पद्धत लावण्याने फारसे साधत नाही.

== निवड ==
शाळा, घर वा लहान कार्यालयातील लिनक्स संगणकासाठी ईएक्सटी४ (२००८ पासून स्थिर) हा निर्धोक पर्याय आहे. तिची दुरुस्तीची साधने जुनी व परिचित आहेत. विंडोजवर एनटीएफएस (१९९३) असतेच व तीही जर्नल राखते.

मोठ्या फायली आणि एकाच वेळी अनेकांचे लेखन असलेल्या सर्व्हरसाठी सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीत घडलेली एक्सएफएस सरस ठरते. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सने २०१४ मधील सातव्या आवृत्तीपासून तीच मूळ निवड केली. मात्र एक्सएफएसचा विभाग वाढवता येतो, घटवणे जवळपास अशक्य. जागेची आखणी बदलत राहणाऱ्या छोट्या संस्थेने हे आधीच ध्यानात घ्यावे.

बीटीआरएफएस आणि झेडएफएस यांचा मार्ग वेगळा आहे. त्या जुन्या मजकुरावर न लिहिता नवी प्रत लिहितात आणि मजकुराची बेरीज-पडताळणीही ठेवतात. झेडएफएसला पुरेशी स्मृती व जाणकार देखभाल असलेली बरी. रायझरएफएस ही लिनक्स कर्नलमध्ये २००१ साली आलेली प्रणाली २०२५ च्या ६.१३ आवृत्तीतून वगळण्यात आली आहे. तिच्यावरील जुना संग्रह असल्यास तो वेळीच हलवावा. पेन ड्राइव्हवर सहसा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते. दोहोंत जर्नल नसते, म्हणून 'सुरक्षित काढा' ही आज्ञा दिल्याशिवाय तो उपसू नये.