दो बूंद आणि बंद दार

पोलिओची जाहिरात म्हटलं की अमिताभ बच्चन आठवतात. 'दो बूंद जिंदगी की'. सुरुवातीला ते विनंती करायचे, पुढे तर टीव्हीवरून चक्क रागवायचे. त्यामुळे कितीतरी आया मुलांना घेऊन बूथवर आल्या. पण काही मोहल्ल्यांतली दारं बंदच राहिली. ती कशी उघडली, हे आपण माहीत करून घ्यायला हवं, कारण ती आपल्याच लोकांची घरं होती.

2002 साली भारतात पोलिओचे 1600 रुग्ण सापडले. बहुतेक उत्तर प्रदेशातले, आणि त्यात मुस्लिम मुलं लोकसंख्येच्या मानाने फार जास्त. या डोसाने मुलांना पुढे औलाद होत नाही, अशी अफवा होती. आणीबाणीतली नसबंदी लोक विसरले नव्हते. शिवाय एक साधा सवाल होता: दवाखान्यात तापाची गोळी मिळत नाही, गटार तुंबलेलं आहे, मग हे एकच औषध पुन्हा पुन्हा दारात फुकट का येतं? आम्हाला हा सवाल अगदी रास्त वाटतो. पोस्टरवर त्याचं उत्तर नव्हतं.

मग युनिसेफने त्याच वस्त्यांतल्या बायका कामाला लावल्या. ओळखीची आपा घरी येऊन बसायची, पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवायची, सासूचं म्हणणंही ऐकून घ्यायची. मशिदीतून ऐलान व्हायचं, उलेमांची अपील छापून वाटली जायची. अलीगढ आणि जामिया मिल्लियासारखी विद्यापीठंही सोबत आली. आणि 2009 मध्ये उत्तर प्रदेश-बिहारचे 107 तालुके निवडून तिथे पोलिओच्या जोडीला स्वच्छता, जुलाबावर ओआरएस आणि झिंक, आईचं दूध, बाकीच्या लसी यांवरही काम सुरू झालं. म्हणजे त्या सवालाची दखल उशिरा का होईना, घेतली गेली. देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावडा जिल्ह्यात सापडला. 27 मार्च 2014 ला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

आपल्याकडे नोव्हेंबर 2018 मध्ये गोवर-रुबेलाची मोहीम आली, तेव्हा व्हॉट्सॲपवर पुन्हा तीच नसबंदीची अफवा फिरली. आमच्या शाळेत पालकांच्या 'लस नको' अशा चिठ्ठ्या आल्या. परिपत्रक वाचून दाखवलं, काही फरक पडला नाही. शिक्षिकांनी आयांना एकेकीला फोन लावला, 'आम्ही आमच्या मुलांना दिली' म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे चिठ्ठ्या परत गेल्या. (सगळ्या नाही गेल्या.) 2022 च्या अखेरीस गोवंडीत गोवर पसरला, लहान मुलं दगावली. लस न घेतलेली मुलंच त्यात जास्त सापडली.

पुढच्या वेळी नर्स दारात आल्या तर त्यांना बसवा आणि बिनधास्त विचारा: लस कशाची, डोस कितवा, रात्री ताप आला तर फोन कुणाला करायचा? नंबर तिथेच कार्डावर लिहून घ्या.