चिनी म्हशीची शिंगं

आधी पेन्सिल घ्या आणि नुसतं आठवून म्हशीची शिंगं काढा. काढलीत? आपल्याकडच्या वरवे बुद्रुकच्या गोठ्यात वाढलेलं पोर ती मागे वळलेली, टोकाशी वाकडी काढणार. दक्षिण चीनमधलं पोर मात्र दोन्ही बाजूंना पसरलेली, चंद्रकोरीसारखी काढेल. आणि दोघांचंही बरोबर!

शिंगं आठवून नाही, तर समोर बघून काढणारा जॉर्ज चिनरी नावाचा एक इंग्रज चित्रकार होता. (नाव चिनरी म्हणून चीनला गेला, असं नाही हं!) १८०२ मध्ये तो मद्रासला आला, मग बरीच वर्षं बंगालमध्ये राहिला. कर्ज डोक्यावर चढलं तसा १८२५ मध्ये तिथून निसटला आणि चीनच्या किनाऱ्यावर मकाऊला गेला. १८५२ मध्ये वारला तोही तिथेच. पोटासाठी तो श्रीमंतांची चित्रं रंगवायचा, पण जीव रमायचा रस्त्यावर : न्हावी, लोहार, नाववाल्या बायका, डुकरं, गुरं. मला त्याची ही चिटुकली रेखाटनंच जास्त आवडतात. गाय काही चित्रासाठी थांबत नाही, म्हणून भराभर चार रेघांत पाठ, दोन रेघांत शिंगं. शेजारी स्वतःसाठी नोंदी, त्याही लघुलिपीत! आपल्या पुण्यातही गंगाराम तांबट या चित्रकारानं १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा असाच समोर बघून काढला होता.

आता शिंगांकडे. ती वेगळी, कारण म्हशीच दोन प्रकारच्या : आपली नदीची, दक्षिण चीनमधली दलदलीची. आपल्या म्हशीच्या पेशीत ५० गुणसूत्रं, चिनी म्हशीच्या ४८. दोघींचं वासरू झालं तर त्याच्यात ४९! चिनी म्हशीच्या गळ्याखाली पांढुरके पट्टे असतात. ती दूध थोडंच देते, पण भाताच्या खाचरात नांगर ओढायला पक्की. भोर-वेल्ह्यात ते काम बैलाचं, कुठेकुठे रेड्याचं.

डुंबायला मात्र दोघींनाही हवं. म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा फार कमी, त्यात रंग काळा, म्हणून उन्हात अंग तापतं. आपली म्हैस ओढ्याचं पाणी शोधते, चिनी म्हैस सरळ चिखलात लोळते. चिखल वाळला की माश्याही चावत नाहीत.

या पावसाळ्यात चिखलणी चालू असेल तेव्हा वही घेऊन बांधावर बसा. शिंगं आधी काढा बरं का, डोकं हललं की गेली!