चाकू नाही, टाका नाही!

शुक्रवार, संध्याकाळचे सात. पीसी बंद करून निघणार, तोच डेट्रॉइटहून काकूचा फोन. "अगं, काकांच्या लिव्हरमध्ये परत गाठ दिसतेय."

पोटात गोळाच आला. २०२१ मध्ये कॅन्सरमुळे काकांचं ट्रान्सप्लांट झालं, तेव्हा लिव्हरचा तुकडा माझ्या चुलतभावानं दिला होता. आता पुन्हा पोट उघडायचं? पहिल्या ऑपरेशननंतर आतले भाग एकमेकांना चिकटलेले असतात. इम्युनोथेरपी? ती प्रतिकारशक्तीला जागं करते, आणि काका नवं लिव्हर टिकावं म्हणून तीच दाबणाऱ्या गोळ्या रोज घेतात. इकडे आड, तिकडे विहीर!

डॉक्टरांनी सुचवली हिस्टोट्रिप्सी. मिशिगन विद्यापीठात विकसित झालेल्या या तंत्राला लिव्हरच्या गाठींसाठी अमेरिकेच्या एफडीएनं ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी दिली. लहानपणी भिंगानं कागद जाळलाय ना? तशाच इथे अल्ट्रासाउंडच्या लहरी एका बिंदूवर आणतात. फक्त जाळायचं काही नाही. गाठीत सूक्ष्म बुडबुडे तयार होतात, फुटतात आणि पेशींचा पार चेंदा होतो. तो शरीर हळूहळू शोषून घेतं. भूल द्यावी लागते, पण चिरफाड नाही.

जादूची कांडी? मुळीच नाही. दिसते तेवढीच गाठ जाते, शरीरात दुसरीकडे लपलेल्या पेशी नाही. म्हणून काकांच्या मागे स्कॅन लागलेलेच आहेत.

पण परवा व्हिडिओ कॉलवर भाऊ म्हणाला, "बाबा, माझा तुकडा नीट सांभाळा हं!" काकू हसली. खूप दिवसांनी.