पांढरा की गडद निळा?

‘खोली लहान आहे, पांढराच मारा,’ हा सल्ला पेणपासून रोह्यापर्यंत कोणीही देतो. तो अर्धाच खरा. चांगला पांढरा रंग पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांच्या आसपास परत फेकतो, गडद निळा जेमतेम १० टक्के. पण परत फेकायला आधी उजेड तर हवा! खिडकीला शेजारची इमारत टेकलेली आणि बाहेर जुलैचं आभाळ, तर तोच पांढरा मळकट राखाडी दिसतो. म्हणून सगळ्या भिंती सारख्या धरू नयेत. खिडकीसमोरच्या भिंतीवर सर्वांत जास्त उजेड येतो, ती पांढरी ठेवावी. खिडकी बाजूला असलेल्या लांबट खोलीत टोकाची आखूड भिंत निळी केली, तर ती जवळ आल्यासारखी वाटते आणि खोलीचा बोगदा होत नाही. छत फिकटच बरं. ते उंच भासतं.

‘गडद रंगात ओल झाकली जाते’ हा समज माझ्या मते सर्वांत महाग पडतो. रायगडात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि घर रंगवायचं ते गणपतीच्या तोंडावर, म्हणजे भिंती पाणी पिऊन बसलेल्या असताना. ओल सुकताना आतले क्षार बाहेर येतात. तो पांढरा खार निळ्यावर दारातूनच दिसतो. बुरशीचे काळे ठिपके मात्र पांढऱ्यावर उठतात. दोन्ही रंग चुगली करतात, फक्त वेगवेगळी. आतून मारलेला रंग गळती थांबवत नाही. गच्ची आणि बाहेरच्या भेगा आधी बुजवाव्यात, भिंत वाळू द्यावी. नाहीतर वर्षभरात पोपडे.

निळ्यानं खोली तापते, हेही ऐकू येतं. ऊन खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीबाबत ते खरं. आतल्या रंगानं फारसा फरक पडत नाही.

शेडकार्डावरचा पांढरा घरी येऊन पिवळट का होतो? दुकानदारानं फसवलेलं नसतं. शेजारी निळा आला की डोळ्याला पांढऱ्यात पिवळसर झाक दिसते. रंग शेजाऱ्यामुळे बदललेला भासतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी १८३९ मध्ये पुस्तकातून सविस्तर मांडलं. पेणच्या कारखान्यांत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी पाहिलेल्यांना ते नवं वाटणार नाही: काळी रेघ ओढताच बुबुळाभोवतीचा पांढरा उजळतो.

तेव्हा दोन्ही रंग दोन-दोन फूट, शेजारीशेजारी, दोन वेगळ्या भिंतींवर मारून बघा. पूर्ण वाळल्यावर, एकदा दुपारी आणि एकदा रात्री ट्यूबलाइटखाली.