तेलांतील पोकळी

नाशिकजवळ एकलहरे येथील वीजकेंद्रांत टर्बाइनचा अवजड दांडा मिनिटाला ३००० फेरे घेतो; पण तो धातूवर टेकत नाहीं, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. या तेलाचा जोर बीचम टॉवर यांस १८८३ सालीं दिसला: बेअरिंगच्या भोकांत ठोकलेलें बूच तेलानें बाहेर लोटलें. १८८६ सालीं ऑस्बर्न रेनल्ड्स यांनीं त्याचें गणित मांडलें.

फट निमुळती होते तेथें दाब चढतो व भार पेलला जातो. पुढें ती रुंदावते तेथें दाब उतरतो, तेलांत विरलेली हवा सुटते आणि थर तुटतो. ही पोकळी एरवीं निरुपद्रवी. परंतु डिझेल इंजिनांतल्याप्रमाणें भार झपाट्यानें बदलूं लागला, कीं तेलाच्याच वाफेचे बुडबुडे उठतात. दाब परततांच ते क्षणांत मिटून मऊ अस्तरावर घाव घालतात व त्यास खड्डे पाडतात. म्हणून पुरेशा दाबाचा, अखंड तेलपुरवठा हीच दांड्याची खरी राखण होय.